झाकणावरचं शून्य

धुवायला टाकण्याआधी तिने डिश उलटी केली आणि तिचा हात तिथेच थांबला. झाकणावर शून्य लिहिलं होतं. बुडावर, तिच्याच अक्षरात, दोन.

डिश रुग्णालयातल्या डायलिसिसच्या पाण्याची होती. एका डिशमध्ये पाणी जसंच्या तसं घालायचं, ती शून्याची. दुसरीत शंभर पट पातळ केलेलं, ती दोनची. मग जंतूंचे ठिपके उगवेपर्यंत थांबायचं आणि मोजायचे. "झाकणावरचं वाचू नकोस, झाकणं अदलाबदल होतात," असं लॅबच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती लिहायची दोन्हीकडे. वाचायची मात्र समोर दिसेल ते.

परवा याच डिशमध्ये तिने साठ ठिपके मोजले होते. शून्याची डिश, म्हणजे सहा गुणिले दहाचा पहिला घात. मर्यादा दहाच्या दुसऱ्या घाताची. पाणी योग्य, खाली सही. दुसऱ्या डिशवर सायीसारखा थर धरला होता, तो बाहेरची घाण समजून तिने बाद केला होता. आता सहा तसाच राहत होता. फक्त दहाच्या डोक्यावर एकाच्या जागी तीन येत होता. साठ नव्हे, सहा हजार.

साडेदहा वाजले होते. बाबा दहापासून डायलिसिसच्या मशीनवर होते.

डिश नळाखाली धरली असती, तर दोन क्षणांत साठही ठिपके गेले असते, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. आपल्याला हे सुचलं याचीच तिला भीती वाटली. डिश ओट्यावर ठेवून तिने डायलिसिसला फोन लावला. तो लागेना, तेव्हा ती पळत सुटली.

डायलिसिसच्या खोलीत सिस्टर नोंदी करत होती.

"सिस्टर, मशीन बंद करा. सगळीच."

"अगं, काय झालं?"

"पाणी खराब आहे. माझा रिपोर्ट चुकलाय."

सिस्टरने भिंतीकडे पाहिलं. तिथे तोच 'पाणी योग्य'चा सहीचा कागद चिकटवलेला होता.

"कितीने चुकलाय?"

"शंभर पट."

सिस्टरने डॉक्टरांना फोन केला आणि पहिल्या पलंगाकडे धावली.

बाबा कोपऱ्यातल्या पलंगावर होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस; हात कधी हलायचा नाही. आता ब्लँकेटच्या काठावर तो हात थरथरत होता. एवढ्या उकाड्यात ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलेलं होतं.

"बाबा, थंडी वाजतेय?"

"थोडीशी. परवाही वाजली होती."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? इथे कुणाला कुडकुडायला लागलं की आधी पाण्यावर संशय घेतात." ते भिंतीवरच्या कागदाकडे बघून हसले. "तुझी सही होती ना. म्हटलं, पाण्याचा दोष नसणार. आपलंच वय झालं."

तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं. तिला रडू येत होतं, पण रडायला आत्ता वेळ नव्हता.

"बाबा, सही चुकली माझी."

त्यांचं हसू तसंच राहिलं, ते आवरायचं विसरल्यासारखं. मग त्यांनी हळूच मान वळवून शेजारच्या पलंगाकडे पाहिलं.

तिथल्या आजी दोघांचं बोलणं ऐकत होत्या.

"मी सिस्टरला हाक मारणार होते गं," त्या म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "पण तुझे बाबाच म्हणाले, पोरीचं पाणी आहे, बिनधास्त राहा. सगळ्यांना सांगितलं त्यांनी."

तिने खोलीभर नजर फिरवली. चार पलंग होते. चारही पलंगांवर ब्लँकेटं गळ्यापर्यंत ओढलेली होती.