झाकणावरचा दांडा

लढाई संपली आणि रणगाडे भंगाराच्या भावात निघाले. वेल्डरने त्यातला एक आणला, तोफ कापली आणि तिच्या जागी यारीचा, म्हणजे क्रेनचा, दांडा जोडून खाणीतले दगड उचलायचं काम धरलं. चालवायला घरचाच माणूस होता, धाकटा भाऊ, लढाईत रणगाडाच हाकून आलेला. पण दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. हातभर अंतरावर उभे राहूनही बोलायचे ते वेल्डरच्या बायकोमार्फत.

त्या सकाळी धाकटा रणगाड्यात चढेचना.

"वहिनी, दादाला सांगा, दगड उचलायला दांडा खाली घेतला की तो माझ्या झाकणावर टेकतो. आत पेट घेतला तर बाहेर कुठून येऊ? मागच्या वाटेवर यांनी टाकी बसवलीय. माझा जोडीदार लढाईत असाच गेला, झाकणावर तोफ आलेली. आधी दांडा बाजूला फिरवा, मग हलू."

"त्याला सांग, दर फेरीला वर चढून दांड्याचं हातचाक फिरवत बसलो तर दगड काय चालत जातील? भित्र्यांसाठी मी धर्मशाळा उघडलेली नाही. बसायचं तर बस म्हणावं, नाहीतर उचल बोचकं."

तिने निरोप पोचवला. "बांधूनच आणलंय," धाकटा म्हणाला.

तिने पाहिलं, खरंच त्याच्या काखेत बोचकं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा तिच्या कमरेएवढा होता.

"बघू दे त्याला, कसं चालवतात ते," म्हणत वेल्डर स्वतःच आत उतरला. दगड उचलला, दांडा झाकणावर टेकला, गाडी चार हात हलली आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. फटींतून धूर यायला लागला. आतून झाकण दांड्यावर आपटू लागलं, एकदा, दोनदा, मग सारखंच.

बोचकं टाकून धाकटा वर चढला आणि दांड्याच्या हातचाकाला भिडला.

"वहिनी, विचारा त्यांना, डावीकडे फिरवू की उजवीकडे?"

"भावजी, फिरवा हो कुठेही!"

दांडा कण्हत बाजूला झाला. वेल्डर बाहेर आला तो तव्याच्या बुडासारखा काळा होऊन. पोटभर खोकला आणि बायकोकडे वळला.

"त्याला सांग, फार वेळ लावला." पुन्हा खोकला. "आणि सांग, यापुढे दांडा बाजूला केल्याशिवाय गाडी हलणार नाही. ते बोचकं उचल, पायात येतंय."

तिने बोचकं उचललं आणि सरळ घरात नेलं. नवऱ्याचा निरोप मात्र तिने आज पहिल्यांदाच पोचवला नाही; धाकट्याने तो ऐकलाच होता.