आत्याचा उचललेला पाय

पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा आत्या एक पाय हवेत धरून उभी होती.

खरी आत्या पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही पाय जमिनीवर. हवेत पाय होता तो पडद्यावरच्या आत्याचा.

धाकटीने लॅपटॉपकडे पाहिलं. चित्र ठीक होतं. लांबलचक व्हरांडा, टोकाला निळं दार, हातात चहाचा कप घेऊन निघालेली आत्या. आवाज आला की आत्याने चालायचं, अशी धाकटीची जुळणी होती. ठेका जोरात तर पाऊल जोरात, सूर चढला तर कपातली वाफ वर. आता दादाने फक्त सुरुवात करायची होती.

दादा करत नव्हता. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या बटणांच्या टेबलामागे तो हाताची घडी घालून पडद्याकडे बघत होता, थांब्यावर बसची वाट बघावी तसा.

मुद्दाम करतोय, धाकटीला वाटलं.

दोघं बरेच दिवस बोलत नव्हते. त्यांच्या टेबलांमध्ये दोन वायरी होत्या. एकीतून दादाचा आवाज धाकटीकडे यायचा आणि त्यावर चित्र हलायचं. दुसरीतून चित्र दादाकडे जायचं, आणि जेवढी त्यात हालचाल तेवढं त्याचं यंत्र वाजायचं. एका वेळी एकच वायर जोडायची, असा नियम होता. पूर्वार्धात दादा पुढे, उत्तरार्धात धाकटी. "पण सुरुवात दरवेळी तुझीच का?" असं तिने एकदा विचारलं. "लहानपणापासून तुझ्याच तर मागे पळतोय," तो म्हणाला. मग शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी त्याने जाहीर केलं, "हा कार्यक्रम शेवटचा. यापुढे तू तुझी, मी माझा." आज सुरुवात कुणाची ते ठरलंच नव्हतं, आणि दोन्ही वायरी सुट्याच पडल्या होत्या.

तो गेला तर चित्रं राहणार होती, पण मुकी. धाकटीला ते नको होतं. पण थांब म्हणायचं तर तोंड उघडायला हवं, आणि तोंड तर फुगवून ठेवलेलं. म्हणून दुपारी तो जेवायला गेल्यावर तिने गुपचूप त्याच्याकडून येणारी वायर जोडली. घे बाबा, तूच हो पुढे.

आता तिची नजर खाली गेली. दोन्ही वायरी जोडलेल्या होत्या.

म्हणजे ती जेवायला गेल्यावर तोही गुपचूप येऊन गेला होता. तोही तोंड न उघडता शरण आला होता. आवाज नाही म्हणून चित्र हलत नव्हतं, चित्र हलत नाही म्हणून आवाज येत नव्हता, आणि दोघांच्या माघारीत आत्या लटकली होती. एक वायर उपटली की प्रश्न मिटला असता. पण कुठली? उपटणं म्हणजे पुन्हा 'पुढे कोण', म्हणजे पुन्हा तेच भांडण.

प्रेक्षक समजूतदार होते. तिकीट काढलेलं असल्यामुळे त्यांनी या शांततेत अर्थ शोधला. एक समीक्षक गंभीरपणे उठला आणि एका पायावर उभा राहिला. शेजारची बाई उठली. मग रांगाच्या रांगा. थोड्या वेळात सभागृहात बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं झालं.

पडद्यावर कपातल्या चहावर साय धरली. धाकटीने साय चित्रित केलेलीच नव्हती.

"अगं ए!" पहिल्या रांगेतून खरी आत्या ओरडली. "गुडघा धरला माझा! तिला पाय टेकवू दे की!"

"आत्या, पाय तिचा वर आहे!"

"आणि गुडघा कुणाचा आहे?"

धाकटीने टेबलावरचा माइक उचलला. तो नमस्कार म्हणण्यासाठी असायचा, आणि त्याचा आवाजही चित्र हलवणाऱ्या वायरीतच जायचा.

"बावळटा, तूपण जोडलीस?"

धप्प. पाऊल टेकलं. बगळेही धप्पकन टेकले. पाऊल हललं म्हणून दादाचं यंत्र घुमलं, ते घुमलं म्हणून दुसरं पाऊल पडलं.

दादाने आपला माइक ओढला. "तू कशाला जोडलीस?"

"तू जाऊ नयेस म्हणून!"

"मग तसं बोलायचं! जीभ काय गहाण टाकली होतीस?"

"तुझी कुठे होती?"

प्रत्येक वाक्याला आत्याचा वेग वाढत होता. पावलांनी आवाज वाढे, आवाजाने पावलं. ती चहा उडवत धावत सुटली. खुर्च्या थरथरल्या. पहिल्या रांगेत खरी आत्या धापा टाकत पर्सने वारा घेत होती. निळं दार झपाट्याने जवळ आलं. दारापलीकडचं चित्रीकरण धाकटीने केलंच नव्हतं. तिथे सगळं संपत होतं.

"हळू बोल," दादा म्हणाला.

"तू हळू बोल."

"मी हळूच बोलतोय."

खरंच हळू बोलत होता. आत्या धावायची थांबून चालू लागली.

"जाऊ नकोस ना, दादा," धाकटी झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसं बोलली.

"कुठे जाणार? चित्राशिवाय माझा आवाज म्हणजे पाण्याची मोटार."

आत्या रमतगमत दारापाशी पोचली, वळली, आणि उरलासुरला चहा स्टेजच्या दिशेने पुढे केला.

"दादाला दे," धाकटी म्हणाली.

"नाही नाही, आधी तिला."

"अरे, तू घे ना."

"तू घे गं."

कप अधांतरी थांबला. आत्याचा एक पाय हळूहळू वर जाऊ लागला.

"खबरदार!" खरी आत्या लंगडत स्टेजवर चढली. वाकून, हाताला लागेल ती वायर तिने उपटली आणि पर्समध्ये कोंबली. "कार्यक्रम झाला की न्यायला या. दोघं मिळून या."

पडद्यावरच्या आत्याने सगळा चहा स्वतःच पिऊन टाकला.

"कुठली काढली गं?" दादाने विचारलं.

धाकटी वाकणार होती. वाकली नाही.

"वाजव," ती म्हणाली. "कळेल."