जवारीवरचा हात

जैनुद्दीनचाचांनी तिसऱ्यांदा कानस उचलली, तंबोऱ्याच्या घोडीवर अलगद दोनदा फिरवली, भुकटी फुंकून टाकली आणि तार छेडली. रडून थकलेल्या पोरानं हुंदके देत बोलावं, तसा सूर आला. थरथरत, तुटत.

"सरफराज," समोर सतारीला पडदे बांधत बसलेल्या मुलाला त्यांनी हाक मारली. "हा क्रांतीताईंचा तंबोरा शेवटचा. हा जमला न्हाई, तर मी परत कानस हातात धरायचा न्हाई."

सरफराजनं मान वर केली नाही. "ऱ्हाऊ द्या, अब्बा. उद्या बघू."

"उद्या काय नवा कान उगवणार हाय?"

मिरजेच्या त्या गल्लीत तंबोरे करणारे पुष्कळ. पण जवारी काढावी ती जैनुद्दीनचाचांनीच, असं पन्नास वर्षं चालत आलेलं. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, ती घोडी. तिचा माथा कानशीनं इतका बेतानं उतरवायचा, की तार तिला लागली-न लागलीशी होऊन गुणगुणत राहावी, हीच जवारी. केसभर जास्त गेलं तर तंबोरा खरखरतो, कमी गेलं तर मुका राहतो. हे मोजायला पट्टी चालत नाही, कानच लागतो. वाईपासून धारवाडपर्यंतचे गाणारे त्या कानासाठी वाट वाकडी करून मिरजेला येत. तो कानच गेला, तर चाचांनी दुकानात बसून माश्या मारायच्या काय?

दहा दिवसांपूर्वी सुनेनं, मदिहानं, हट्टानं त्यांच्या दोन्ही कानांना मशीनं बसवून आणली होती. टीव्हीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायला लागल्यावर तिनं कुणाचंच चालू दिलं नाही. मशीनं आली आणि चहावाल्याची हाक, नातीची कुरकुर, शेजारच्या दुकानातल्या गप्पा, सगळं लख्ख ऐकू येऊ लागलं. बिघडला तो फक्त तंबोरा. एक नाही, दुकानातला एकूण एक. चाचांनी त्याचा सरळ अर्थ लावला. माणसांचं ऐकण्यापुरता कान उरलाय, सुराचा गेलाय.

मशीनच्या देखभालीचं खातं मदिहाकडं होतं. सोबत आलेला माहितीचा कागद तिनं आरशाशेजारी चिकटवला होता. अंघोळीआधी मशीन काढा. तेल, अत्तर लावून झाल्यावरच कानात घाला. रोज मऊ ब्रशनं मळ झाडा, टाचणी घालू नका. झोपताना बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशीन डबीत ठेवा. खाली तिनं आपल्या अक्षरात भर घातली होती, 'वजूच्या आधी आठवणीनं काढणे.' नमाजाआधी ओलं बोट कानात फिरवायची वेळ दिवसातून पाचदा येते, हे कागद छापणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? चाचांनी तो कागद एकदाही वाचला नव्हता. तंबोरा कसा पुसावा, उन्हापासून कसा जपावा, यावर गिऱ्हाइकाला अर्धा तास उभं करणारा हा माणूस!

पडदे बांधून झाले तसा सरफराज ती सतार घेऊन स्टेशनवर पार्सल टाकायला गेला. तेवढ्यात मदिहा चहा घेऊन आली.

"अब्बा, चेहरा का उतरलाय?"

"तंबोरा रडतोय. ऐक." त्यांनी तार छेडली.

मदिहानं मान तिरकी करून ऐकलं. "खरखरतोय जरा. पण रडत कुठं हाय?"

"थरथरत न्हाई?"

"न्हाई की!"

चाचांनी पुन्हा तार छेडून बघितली. मदिहानं मात्र वेळ घालवला नाही. मशीनं बसवून देणाऱ्या अंकिता मॅडमना तिनं तिथूनच फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. अंकितानं सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

"अहो, ते मशीन बोलणं ऐकण्यासाठी लावलंय. एकच सूर लांबत राहिला, की त्याला वाटतं आपणच शिट्टी मारतोय, आणि ते तो सूर दाबायला जातं. त्यामुळं थरथर होते. गाण्याची सेटिंग वेगळी असते. पहिल्याच दिवशी करून दिलीय मी. चाचांना समजावून सांगितलं, तर ते हो हो म्हणाले."

चाचांनी चहाच्या कपात डोळे घातले. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची त्यांना अलीकडं सवयच लागली होती.

"उजव्या मशीनचं बटण तीन सेकंद दाबून धरा, दोनदा टिंग वाजेल," अंकिता म्हणाली. "आणि चाचा, कानस चालवताना मशीन काढून ठेवत जा. हाडाची भुकटी जाळीत बसते."

बटण दाबलं. टिंग, टिंग. चाचांनी श्वास रोखून तार छेडली. थरथर गेली होती. सूर सलग, लांबवर जाऊन विरला.

"अल्ला, तुझा लाख शुकर हाय," ते पुटपुटले आणि मदिहाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तू मला माझा तंबोरा परत दिलास."

"बटणानं दिलाय, अब्बा," मदिहा म्हणाली आणि डोळे पुसत कप घेऊन आत गेली.

आनंद ओसरल्यावर कान कामाला लागला. क्रांतीताईंचा तंबोरा खरखरत होता. नसलेली थरथर घालवायला म्हणून चाचांनी चांगली घोडी तीनदा घासून वाया घालवली होती. स्वतःला दोन शिव्या देऊन ते उठले. आपली खरी जवारी कशी बोलते ते ऐकावं म्हणून त्यांनी गेल्या हिवाळ्यात केलेला, मालक परगावी असल्यानं अडकून पडलेला तंबोरा भिंतीवरून काढला.

तो गोड बोलला. फार गोड. चाचांनी पुन्हा छेडला, आणि कपाळाला आठी पडली. त्यांची जवारी नेहमी थोडी दबलेली असे. ही एक दोराभर मोकळी होती.

त्यांनी भिंग घेतलं आणि घोडी दारातल्या उजेडात धरली. कानशीच्या बारीक रेघा उलट्या बाजूला झुकलेल्या होत्या. उजव्या हातानं काढलेल्या रेघा अशा पडत नाहीत. सरफराज डावखुरा होता.

दुसरा तंबोरा बघितला. तीच तऱ्हा. तिसरा, दोन वर्षांपूर्वीचा. त्याच्यावरही डाव्या हाताच्याच रेघा.

म्हणजे सुराचा कान मशीनमुळं गेलाच नव्हता. तो त्याच्या किती तरी आधी गेला होता. दुपारी जेवून चाचा आडवे झाले की हा पोरगा त्यांनी बिघडवलेली प्रत्येक जवारी गुपचूप नीट करत होता. संध्याकाळी गिऱ्हाईक चाचांची तारीफ करी, आणि तो खाली मान घालून पडदे बांधत बसे.

आधी चाचांच्या अंगाची लाही झाली. मला सांगता येत नव्हतं? मग त्यांना आपलंच ते हो हो म्हणणं आठवलं. सांगितलं असतं, तर ऐकलं असतं का आपण? गल्लीत त्यांचं नाव अजून ताठ उभं होतं, ते या पोरानं दोन वर्षं टेकू दिला म्हणून. चाचा घोडीवरून बोट फिरवत उंबऱ्यात बसून राहिले. असा मुलगा दिल्याबद्दल किती आभार मानावेत, आणि कसे, हे त्यांना सुचेना. मग त्यांनी तिन्ही तंबोरे होते तिथं टांगले.

सरफराज परतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "क्रांतीताईंच्या तंबोऱ्याला नवी घोडी बसव. जवारी तूच काढ. माझं डोळं दुखाय लागल्यात."

सरफराज क्षणभर घुटमळला. मग त्यानं डाव्या हातात कानस घेतली. चाचा समोर बसून ऐकत राहिले आणि एकदाही मधे बोलले नाहीत.

दोन दिवसांनी क्रांतीताई वाईहून आल्या. गाण्याच्या शिक्षिका, पन्नाशीच्या. मांडी घालून बसल्या, चारही तारा लावल्या, डोळे मिटून वाजवत राहिल्या. डोळे उघडले तेव्हा ते भरले होते.

"चाचा, दोन वर्षांपूर्वी काढून दिलीत, अगदी तशीच. तुमच्या हाताला तोड नाही." त्या पाया पडायला वाकल्या.

चाचांनी पाय मागं घेतले.

"ताई, नमस्कार तिकडं करा. ही जवारी त्याची हाय. अन् मागची बी त्याचीच."

समोर खुंटी घासत असलेल्या सरफराजचा हात थांबला. क्रांतीताई एकदा बापाकडं, एकदा मुलाकडं बघू लागल्या.

"कवा कळलं?" सरफराजनं खालच्या आवाजात विचारलं.

"परवा."

"मग बोलला का न्हाई तुमी?"

"तू दोन वर्सं गप बसलास," चाचा म्हणाले. "मला दोन दिस तरी बसू दे की रं."