हिरव्या बादलीतले रोट

खानदेशची कानबाई देवी यंदा पहिल्यांदाच सुरतेच्या लिंबायतला बसली होती. इतकी वर्षं ती पारोळ्याकडच्या गावी कलाबाईच्या थोरल्या जावेच्या घरी बसायची, आणि सुरतेतले सगळे श्रावणात तिकडे धावायचे. जावेचे गुडघे गेले तेव्हा कलाबाई म्हणाली, मी करते. जाऊ फोनवर हसली होती. "तठे सिमिटमा रोट कोठे पुरशी वं?"

हा प्रश्न काही खोटा नव्हता. कानबाईच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनीच खायचे, पाहुण्याला कणभरही द्यायचे नाहीत. खाऊन उरलेला तुकडा, इतकंच काय, हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाऊ द्यायचं नाही. खड्डा करून मातीत पुरायचं. गावी परसात खड्डा होता. लिंबायतच्या गल्लीत मात्र या दारापासून त्या दारापर्यंत नुसतं सिमेंट. तरी कलाबाई हटून बसली, आणि तिच्या मुलाने, हेमराजने, तोडही काढली. सुरतेबाहेर कामरेजला त्याच्या दोस्ताचं शेत होतं. मंगळवारी यंत्रमागावरची पाळी संपली की तो सगळं तिकडे नेऊन पुरणार होता.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला उठली. रात्री घरच्यांनी रोट खाल्ले आणि उरलेले तुकडे, पाणी, सगळं कलाबाईने बादलीत झाकून ठेवलं. घरात तीन बादल्या होत्या. त्यातली तिने हिरवी निवडली, कारण ती नवी कोरी होती.

ती हिरवी बादली सूनबाईने, जयश्रीने, जुनी फुटली म्हणून ओल्या कचऱ्यासाठी दोनच दिवसांपूर्वी आणली होती. ओला हिरवीत, सुका निळीत, असं ती महिनाभर घसा कोरडा करून सांगत होती आणि कलाबाई महिनाभर त्यावर हसत होती. "कचराले बी सोवळं लागस का वं?" असं म्हणून ती भाजीची देठं मुद्दाम निळीत टाकायची. सासूपणाची हौस, दुसरं काय!

मंगळवारी सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली. कलाबाई तेव्हा आंघोळीला गेली होती. बाहेर येऊन पाहते तो बादली धुऊन पालथी घातलेली.

"हाई बादली रिकामी कशी व्हयनी?"

"गाडीमा टाकी दिनी, आत्या. वला कचरा व्हता ना."

"कचरा? रोट व्हतात त्या, रोट!"

जयश्रीचा चेहरा पांढराफटक पडला. "पन हिरवीमा ठेवात काब्र?"

"नवी व्हती म्हनीसन!"

देवीचं अन्न कलाबाईच्या हातून कचऱ्यात गेलं होतं. हेमराज रात्रंदिवस मागावर उभा राहतो, देवी कोपून त्याला काही झालं तर? जाऊ काय म्हणेल, हे तर पुढचं. तिला सुनेवर ओरडायचं होतं, पण बादली कोणी निवडली ते तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात जयश्रीने चपला घातल्या. "चाला आत्या, गाडी आजून मांगली गल्लीमाच व्हई."

गाडी मागच्या गल्लीतच होती. गाडीवरची वत्सला परभणीकडची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ओल्याच्या खणाकडे बोट दाखवलं. आत तीन गल्ल्यांचं खरकटं एकजीव झालं होतं.

"मावशी, ह्याच्यातून काय हुडकायलाव?"

"मंग आते याचं काय करतस?"

"ओलं नुसतं ओलं असंल तर खताला जातंय. माती होती त्याची." वत्सलाने खांदे उडवले. "पण लोक ऐकत्यात कुठं? प्लास्टिक सापडलं की समदी गाडी ढिगाऱ्यावर."

माती! कलाबाई हा शब्द मनात घोळवत राहिली. रोट दुसऱ्या कुणी खायचे नाहीत, हे खरं. पण इथे खाणारं कोणी नव्हतं, आणि मातीला कानबाईने कधीच मनाई केली नव्हती.

समोरच्या घरातून छाया नावाची बाई आली. तिने गाठ मारलेली पिशवी ओल्याच्या खणात भिरकावली. कलाबाईने पदर खोचला, हात घालून पिशवी बाहेर ओढली आणि तिथेच सोडली. भाताबरोबर दुधाच्या पिशव्या निघाल्या, लेकराचं डायपर निघालं.

"हाई वलं शे का वं?"

"तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

"मन्ही कानबाई शे यामा!"

छायाही खानदेशातलीच, नंदुरबारकडची निघाली. तिने तोंडावर हात ठेवला आणि खाली वाकून पिशव्या वेचू लागली.

पुढच्या चार गल्ल्या कलाबाई गाडीबरोबर चालली. प्रत्येक बादलीत तिने डोकावून पाहिलं, कुणाला दटावलं, कुणाच्या विनवण्या केल्या. हाताला खरकटं लागलं होतं, आणि जयश्री शेजारी सुक्या कचऱ्यासाठी निळी पिशवी धरून उभी. खण भरला, तेव्हा वत्सलाने वरपासून निरखून पाहिला आणि म्हणाली, "मावशी, ही गाडी खताला जाती बघा." कलाबाईने गाडीला हात जोडले. गाडी गाणं वाजवत वळणावरून गेली. त्या दोघी ती दिसेनाशी होईपर्यंत थांबल्या, काल कानबाईला निरोप देताना थांबल्या होत्या तशाच.

घरी आल्या तर जावेचा फोन वाजतच होता.

"पुरात का रोट?"

"पुरात."

"कोठे?"

कलाबाईने सुनेकडे पाहिलं. जयश्री हिरवी बादली सुलटी करून जागेवर ठेवत होती.

"सुरतनी माटीमा," कलाबाई म्हणाली.