दाराखालची दोन बोटं

पंधरा वर्षं कपडे शिवून आत्याने साठवलेले पैसे जुन्या फ्लॅटमध्ये घालायचं ठरलं. घ्यायचा, दुरुस्त करायचा, भाड्याने द्यायचा. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज मी अंगावर घेतला, कारण गणितात घरात माझा हात कोणी धरत नाही. (हे मीच सांगतेय, पण खरं आहे.)

पहिल्या फ्लॅटचा अंदाज दुरुस्तीचं काम करणार असलेल्या मिस्त्रीकाकांनी वाचला. टाइल, सिमेंट, रंग, मजुरी, सगळं होतं.

"छान. आणि तोडलेलं काय खिशातून नेणार?"

मलबा मी विसरलेच होते. पोती, ती उतरवणारी माणसं, गाडी हे धरल्यावर भाड्याचं गणित कोलमडलं आणि आत्याने तो फ्लॅट सोडला. मी दोन दिवस तोंड लपवून होते. मग दर सुट्टीला टेप घेऊन काकांच्या कामांवर जायला लागले.

दुसऱ्या फ्लॅटला आत्या आणि मी दोघीच गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण ऊन थेट स्वयंपाकघरात. आत्या पाघळली.

"बाथरूम जरा गळतं. टाइल बदलल्या की झालं," एजंट म्हणाला. "इसार आजच द्या. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

आत्याने चेकबुक काढलं. मी बाथरूमच्या दाराशी उकिडवी बसले.

"दार खालून कापलंय का?"

"फुगलं असेल, बाळ."

"फुगलेलं दार बाजूने तासतात. हे चांगलं दोन बोटं कापलंय."

मी पाणी जाण्याची जाळी उचलली. कडेला केकसारखे थर: वर पांढरी टाइल, मध्ये सिमेंट, खाली जुनी हिरवी टाइल. जुन्यावर नवी टाइल चढवून जमीन वर आली, म्हणून दार कापलं. गळती बंद करायची तर टाइलचे दोन्ही थर फोडायला हवेत. वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. बावीस पोती मलबा, तीन मजले खाली. खर्च नुसत्या टाइल बदलण्याच्या तिप्पट.

आत्याने पेनाला टोपण लावलं आणि वही एजंटपुढे धरली. "एवढे किमतीतून कमी करा. नाहीतर राहू द्या."

"पोरीच्या बोलण्यावरून?"

"तिने मोजलंय. तुम्हीही मोजा की."

त्याने मोजलं नाही, मालकाला फोन केला. दुसरं गिऱ्हाईक काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मालक कबूल झाला.

महिन्याभराने काकांनी त्या बाथरूमची जमीन फोडली. मी जिन्यात उभी राहून पोती मोजली. एकवीस.

"एक चुकलं की गं," काका म्हणाले.

"बाविसाव्यात तुमचे टोमणे भरा, काका. तेही खाली न्यावे लागतील."