हात जोडलेली आत्या

उपेक्षितांची बालचरित्रं काढणाऱ्या प्रकाशकाचा सगळा जीव साच्यात अडकला होता. चरित्र कोणाचंही असो, सुरुवातीला मांजर हवं, मधे आईची शिकवण आणि शेवटी बोध. त्यामुळे आजवरच्या झाडून सगळ्या उपेक्षितांनी मांजरं पाळली होती.

लेखिकेला मात्र आपल्या आत्याचं चरित्र जसंच्या तसं हवं होतं. आत्या पाणीपुरवठ्यात फिटर होती. पटकीच्या साथीत गावात येणारं घाण पाणी बंद करायला साहेब काही केल्या तयार होईना, तेव्हा तिने व्हॉल्व्हच्या खोलीचं कुलूप हातोड्याने फोडलं आणि पाणी तोडलं. साथ हटली. शाबासकी राहिली बाजूला, आत्याची नोकरीच गेली. आता ती पार थकली होती. तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक यावं, एवढ्यासाठी भाची प्रकाशकाचे उंबरठे झिजवत होती.

"कुलूप फोडलं?" प्रकाशकाने कपाळाला हात लावला. "अहो, उद्या पोरं शाळेची कुलपं फोडतील! हात जोडून विनंती केली, असं करा."

"पण साहेबाने ऐकलंच नव्हतं!"

"आपल्या पुस्तकात ऐकतील की!"

भाचीने दातओठ खाल्ले. पण पुस्तक अडून राहील या धास्तीने आत्याला हात जोडायला लावले. एकदा हात जोडल्यावर मांजराला नाही म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

प्रकाशन शाळेच्या सभागृहात झालं. समाज अशा माणसांना कसा विसरतो, यावर प्रकाशक भरभरून बोलला आणि पहिल्या रांगेतल्या आत्याला व्यासपीठावर बोलवायचं विसरला. मग त्याने विचारलं, "तर मुलांनो, गाव कोणी वाचवलं?"

"साहेबांनी!" पोरं एका सुरात ओरडली. त्यांचं तरी काय चुकलं? पुस्तकात पाणी साहेबच बंद करत होते.

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी आत्या चष्मा सावरून पुस्तकातलं चित्र निरखत होती. गोंडस मुलगी, जोडलेले हात, पायाशी मांजर.

"ही कोण गं?"

"तू, आत्या."

आत्याने पुस्तक मिटून भाचीच्या मांडीवर ठेवलं.

"त्या मेल्यांनी माझी नुसती नोकरी घेतली होती गं," ती म्हणाली. "हातोडा तू घेतलास."