साऱ्यांचं उष्टं पाणी

मी एक जुनं तामचिनीचं घमेलं आहे. कडा काळ्या, पोटात दोन टवके. गडचिरोलीच्या जंगलाकडच्या एका लहान दवाखान्यात, जखमांच्या वॉर्डाच्या दारात मी तिवईवर उभं असे. मित्रांनो, माझा मान मोठा! डॉक्टर असो की सिस्टर, आधी माझ्यातल्या औषधी पाण्यात हात बुडवायचे, मगच रोग्याला हात लावायचा.

औषधाची बाटली महिन्याला एकच येई. वॉर्डबॉय लटारू ती पुरवून वापरी. जुनं पाणी फेकायचा नाही, त्यातच नवं भरायचा. "पांढरं दिसलं म्हंजे झालं, बाई," असं तो चंदा सिस्टरला सांगे. मलाही ते पटे. मान मिळाला की सगळंच पटतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आठ वर्षांची बुधरी आली. मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवताना तिचा पाय भाजला होता. जखम भरत आली होती. तिची आई मंगली सुकल्या दुधीच्या तुंब्यातून धार सोडून हात धुई. सिस्टरने माझ्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "नाई बाई. साऱ्यांचं उष्टं पानी हाय ते."

"अवो, दवाई कधी उष्टी होते का?" लटारू हसला. मनातून मीही हसलं.

शेजारच्या खाटेवरच्या सोमाजीच्या जखमेतून हिरवट पू येऊ लागला. सिस्टरने ती पुसली, माझ्यात हात बुडवले आणि बुधरीची पट्टी बदलली. चौथ्या दिवशी तीही पट्टी हिरवी झाली. एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, चंद्रपूरहून तिसरं आणलं. ताप हटेना.

"इतक्या सुया टोचून राह्यले, तरी पोरगी काऊन तपते?" मंगली विचारी.

डॉक्टरांनी दोघांचा पू आणि माझं पाणी नागपूरला तपासायला पाठवलं. कागद आला तेव्हा बुधरीला जाऊन दोन दिवस झाले होते. तिन्ही नमुन्यांत एकच जंतू. वॉर्डातली इंजेक्शनं पचवून तो निबर झाला होता आणि औषध पातळ झालेल्या माझ्या पाण्यात सुखाने नांदत होता.

सिस्टर लटारूवर ओरडली नाही. खाटेखाली मंगलीचा तुंबा राहून गेला होता. तो उचलून तिने भरला आणि लटारूच्या हाती दिला. "धार धर," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी जमिनीवर असतं. हातांवरून ओघळलेलं पाणी झेलतं.

मित्रांनो, दुखणाईताला हात लावण्याआधी साबण घ्या, वाहती धार घ्या. माझ्यासारख्या मानाच्या भांड्यावर विसंबू नका. आणि एखादी आई 'नाई' म्हणाली, तर हसण्याआधी एकदा विचारा, काऊन?